आजोबांच्या ट्रंकेतला पीटरसन पाइप : खरंच कधी ओढलेला नाही का?

साखरपेठी

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा सविस्तर हवी आहे.

घर पाडून नवीन बांधायचं म्हणून गेल्या रविवारी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली घेतली. त्यात जुन्या चादरीत गुंडाळलेला तंबाखूचा पाइप निघाला. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं : १९४७ ला मिलचे साहेब देश सोडून निघाले, जाताना आजोबांच्या हातात हा पाइप ठेवला. आजोबा माळकरी. सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही कधी. त्यामुळे पाइप कोरा, हातही न लावलेला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आता पुण्यातले एक गृहस्थ जुने पाइप जमवतात, त्यांच्याशी बोलणं झालं. ते म्हणाले, "कधीच ओढलेला नसेल तर दीडपट देतो, पण तसं तुम्ही मला खात्रीने सांगायचं." आणि तिथेच मी अडकलो. खात्री म्हणजे काय? तंबाखू भरायची वाटी आतून काळी कुळकुळीत आहे. धाकटा भाऊ म्हणतो, काळी आहे म्हणजे ओढलाय, विषय संपला. आई म्हणते, तुझ्या आजोबांबद्दल असं बोलू नकोस.

वर्णन देतो. वाकडा पाइप, लालसर तपकिरी लाकूड. दांडीच्या तोंडाला पांढऱ्या धातूची जाड टोपी, तिच्यावर के अँड पी, पीटरसन्स आणि खाली तीन बारीक चिन्हं. तोंडात धरायची नळी हिरवट-मातकट झाली आहे आणि हलक्या हाताने ओढली की बाहेर येते. लाकडावर इंग्रजीत तीन ओळींत 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड' आणि ३१४ हा आकडा.

पैशाचं नंतर बघू. खोटं सांगून विकायचा नाही एवढं नक्की.

भुईकोट

नळी सैल झाली आहे म्हणजे वापरलेला आहे. नवीन पाइपची नळी घट्ट बसते, पिळून काढावी लागते. माझ्या मते भाऊ बरोबर.

जुनं_लाकूड

साखरपेठी, तुमचा पाइप आयर्लंडच्या पीटरसन कंपनीचा 'सिस्टम' आहे, साधा पाइप नाही. त्यामुळे भुईकोट यांचा नियम इथे लागू होत नाही. सिस्टम पाइपला नळी टोपीत नुसती खोचलेली असते, ती सहज निघावी म्हणूनच तशी केलेली असते. साध्या पाइपला मात्र तो नियम थोडाफार चालतो, कारण ओलावा आणि उष्णता लागून दांडीचं भोक फुगतं-आखडतं.

आता वाटीचा काळा रंग. नवखा माणूस इथेच चुकतो, आणि दोन्हीकडून चुकतो. पाइपचं लाकूड म्हणजे ब्रायर, भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिआ या झुडपाची मुळाजवळची गाठ. ती गाठ तोडून, तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने सुकवून मग कोरतात. काही कारखाने वाटी आतून तशीच उघडी ठेवतात, ती फिकट गुलाबी-बदामी दिसते. पण पुष्कळ पाइपांत कारखान्यातच कोळशाच्या पुडीचा पातळ काळा लेप देतात, म्हणजे पहिल्या काही ओढींत लाकूड जळत नाही. तसा पाइप कुणी न ओढताही आतून काळाच असतो.

म्हणून रंग बघू नका, पोत बघा. कारखान्याचा लेप सगळीकडे सारख्या जाडीचा आणि मॅट असतो, त्याच्याखालून ड्रिलच्या गोल-गोल रेघा दिसतात. ओढण्याने साठलेला थर खडबडीत असतो, वर जाड, खाली पातळ, आणि नखाने खरवडला तर कोळशाची भुकटी पडते.

याच्या उलट फसवणूकही असते. काही विकणारे जुना थर कानशीने काढतात, पॉलिश कागद मारतात, वरून नवा काळा लेप देतात आणि 'न ओढलेला' म्हणून खपवतात. ते ओळखायला वाटीच्या तळाशी जे धुराचं भोक उघडतं त्याची कड बघायची. कोऱ्या पाइपात ती कड धारदार असते. खरवडलेल्या पाइपात तिथे बशीसारखा खळगा पडतो, ड्रिलच्या रेघा पुसलेल्या असतात आणि नवा लेप भोकाच्या आत ओघळलेला दिसतो.

आणि एक. 'दुकानातून आला तसा' आणि 'कधीच न ओढलेला' हे दोन निरनिराळे दावे आहेत. शिकागोची लिंकमन कंपनी डॉ. ग्रॅबो नावाचे पाइप यंत्रावर ओढूनच विक्रीला काढायची, 'प्री-स्मोक्ड' अशी त्यांची जाहिरातच होती. तुमचा तो नाही, पण विकत घेताना लोक हे विसरतात.

तुम्ही आता काय करा. नळी काढा आणि दांडीच्या आत मोबाइलचा टॉर्च मारा. सिस्टम पाइपात दांडीच्या पोटात एक खोल विहीर असते, धुरातलं पाणी तिथे गोळा होतं. पाइप पुसणारा माणूस वाटी पुसतो, बाहेरून तेल लावतो. त्या विहिरीत कोणी उतरत नाही. तिथलं लाकूड कोरं आहे का, ते बघून इथे लिहा.

सराफकट्टा

टोपीवरच्या तीन चिन्हांचा जवळून फोटो मिळेल का दादा? त्यात तीन पानांची वेल, एखादा प्राणी आणि मनोरा असेल तर ती चांदी नाही, निकेल आहे. ती फक्त शोभेची चिन्हं. खऱ्या डब्लिन चांदीवर बसलेली स्त्री म्हणजे हायबर्निया, मुकुटवाली वीणा आणि वर्षाचं अक्षर असतं. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह, आणि शहराचं चिन्ह, बर्मिंगहॅम असेल तर जहाजाचा नांगर, लंडन असेल तर बिबट्याचं तोंड. आमच्याकडे जुनी मोड येते त्यात हे शिक्के पुष्कळ बघितलेत.

साखरपेठी

सराफकट्टा, तुम्ही म्हणता तसंच. वेल, प्राणी, मनोरा. निकेलच.

सराफकट्टा

निकेलचा तोटा काही नाही हो. चांदी घासून घासून शिक्के झिजतात. निकेलवर तुमची चिन्हं ठसठशीत आहेत, म्हणजे टोपीला घासणं झालेलं नाही.

पानमंगरूळकर

एक गोष्ट कुणी बोललं नाही. रिपब्लिक ऑफ आयर्लंड हे नाव १९४९ मध्ये अमलात आलं. त्याआधी १९२२ पासून आयरिश फ्री स्टेट, मग १९३७ च्या संविधानानंतर एअरे. पीटरसनचे शिक्केही त्याच क्रमाने बदलले, जमवणारे लोक पाइपचं वय त्यावरूनच काढतात. ज्या पाइपवर रिपब्लिक लिहिलंय तो १९४७ ला कुणाच्याही हातात असू शकत नाही.

साखरपेठी, वाईट वाटून घेऊ नका. पाइप खोटा नाही. घरात सांगतात ते साल चुकलंय.

साखरपेठी

हे वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. लहानपणापासून १९४७ ऐकत आलोय. आईला अजून सांगितलेलं नाही. अक्कलकोटच्या आत्याला फोन करतो, त्या नव्वदीच्या आहेत पण स्मरण पक्कं आहे.

शाईदौत

मी फाउंटन पेन दुरुस्त करतो. नळीबद्दल बोलतो, कारण ती एबोनाइटची आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. आपल्याकडचे जुने एबोनाइटचे पेन बघा, तेही असेच हिरवट-मातकट होतात. उजेड आणि दमट हवा लागली की गंधक पृष्ठभागावर येतं. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, जळक्या रबरासारखा येईल. याचा आणि पाइप ओढण्याचा संबंध असेलच असं नाही. कपाटात पडून राहिलेली कोरी नळीसुद्धा हिरवी होते.

पण रंग कुठे बदललाय त्यावरून कळतं. तोंडाने वापरलेली नळी टोकाशी जास्त खराब होते, दातांच्या खुणा असतात, लाळेने तिथे खडूसारखा थर धरतो. नुसत्या उजेडाने खराब झालेली नळी एका कुशीवर सबंध लांबीभर हिरवी असते आणि ज्या कुशीवर पडून होती ती काळी राहते. तुमची कशी आहे?

दुसरं, नळी चुकूनही कोमट पाण्यात टाकू नका. आणखी बिघडेल. आणि स्पिरिट लाकडाच्या बाहेरच्या अंगाला लावू नका, पॉलिश निघून येईल.

साखरपेठी

शाईदौत, डावी कूस हिरवी, उजवी जवळपास काळी! टोकाला दाताची एकही खूण नाही. आता आठवलं, मी शाळेत असताना हा पाइप बैठकीच्या खोलीत काचेच्या शोकेसमध्ये होता, नवरात्राच्या बाहुल्यांच्या शेजारी, खिडकीच्या समोर. ट्रंकेत नंतर गेला.

म्हणजे कोराच म्हणायचा का?

जुनं_लाकूड

नाही, घाई नको. ती नळी फक्त एवढंच सांगते की रोज ओढणाऱ्याचा पाइप नाही. दोन-चार वेळा ओढलेल्या पाइपला दातांच्या खुणा नसतातच. शिवाय पीटरसनच्या या नळीचं टोक वेगळं असतं, पी-लिप म्हणतात, पेटंट १८९८ चं. भोक टोकाला नसून वरच्या अंगाला असतं, धूर टाळूकडे जातो. ते भोक कोरड्या पांढऱ्या चिंधीने पुसून बघा. आणि विहीर बघा. विहिरीचं अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

सामान एवढंच : औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपाइल अल्कोहोलची छोटी बाटली, कान कोरायचे पांढरे बड्स. स्टेशनरीवाल्याकडे मिळतात ते रंगीत लोकरीचे क्लीनर नकोत, त्यांचाच रंग सुटतो. आधी कोरडा बड फिरवा, त्याला काय लागतं ते बघा. मग किंचित ओला करून. प्रत्येक बड वेगळ्या कागदावर ठेवा आणि कागदावर लिहा, कुठला कुठून आला ते. लालसर रंग, वास नाही, तर तो लाकडाला कारखान्यात दिलेला रंग. पिवळट तपकिरी आणि वास येत असेल तर तंबाखूचा रस.

भुईकोट

नळीच्या बाबतीत माझं चुकलं, मान्य. सिस्टम पाइप मी पहिल्यांदाच ऐकला.

साखरपेठी

आज दुपारी सगळं केलं. बेचाळीस डिग्री उन्हात गच्चीवर नाही, पंख्याखाली बसून. एकेक लिहितो.

वाटी : खालच्या अर्ध्या भागात लेप सलग, ड्रिलच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट. तळाच्या भोकाची कड धारदार, बोटाला टोचते. वरचा अर्धा भाग मात्र करडा पडलाय, आणि काठावर पुढच्या डाव्या बाजूला, साधारण मुगाच्या डाळीएवढी, लाकूड करपल्याची खूण आहे. काडी जिथे धरतात तिथेच.

दांडीची विहीर : टॉर्च मारला तर भिंती फिकट, कोऱ्या लाकडाच्या. मी आनंदाने आईला हाक मारली. मग पाइप वाकडा करून तळ बघितला. अगदी खाली, ज्वारीच्या दाण्याएवढा, काळसर चकचकीत ठिपका.

बड्स : कोरड्याला नुसती धूळ. वाटीतल्या ओल्याला काळं. दांडीच्या वरच्या भागातल्याला लालसर, वास नाही. विहिरीच्या तळातला चौथा बड पिवळट तपकिरी आला. नाकाशी धरला तर कसला तरी वास आहे, पण मला ओळखता येईना.

पी-लिपचं भोक पुसलं तर चिंधीवर केसभर तपकिरी रेघ.

जुनं_लाकूड

मग उत्तर मिळालं. ओढलेला आहे. एकदा, फार तर दोनदा, आणि तेही अर्धी वाटी. नवखा माणूस वाटी तळापर्यंत ओढत नाही, मध्येच विझते आणि तो सोडून देतो. म्हणून तळ कोरा राहतो आणि वरचा भाग करडा होतो. कित्येक विकणारे फक्त तळाचा फोटो टाकून 'बघा, लाकूड दिसतंय' म्हणतात आणि घेणारा फसतो. तळ कोरा असणं हा अर्धाच पुरावा. धूर मात्र पहिल्या ओढीलाही दांडीतून आणि नळीतूनच जातो, त्याला दुसरी वाट नाही.

डनहिल या इंग्लिश कंपनीच्या जुन्या पाइपांत दांडीत ॲल्युमिनियमची बारीक नळी असते. तिथेही हीच गोष्ट. एक वाटी ओढली तरी तिच्यावर डाग पडतो, म्हणून जाणकार आधी ती नळी बाहेर काढायला सांगतात.

कुंभारीची_लेक

मी पाइपमधली नाही, पण वासाचं बोलू शकते. आमच्या घरात तीन पिढ्या विड्या वळल्या. आजी, आई, मावश्या, सगळ्यांच्या मांडीवर सूप असायचं. सुपात एका बाजूला कापलेली तेंदूची पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. तो वास केसांत, पदरात, भाकरीच्या दुरडीतसुद्धा असतो.

दादा, तो बड घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या विडी वळणाऱ्या बाईला द्या. काही सांगू नका, नुसतं हातात द्या. विलायती पाइपच्या तंबाखूला बहुधा काही गोडसर, फळासारखा किंवा धुरकट मसाल्याचा वास असतो. विडीची तंबाखू उन्हात वाळवलेली, कोरडी, घशाला लागणारी. आमच्या आया डोळे मिटून सांगतील निपाणीची की दुसरी.

साखरपेठी

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि आमच्या घरातही आजी विड्या वळायची!

आईने वीस वर्षं वळल्यात. तिच्या हातात बड दिला, काही न सांगता. तिने नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. म्हणाली, "विडीची तंबाखू आहे की ही. कुठून आणलास?"

पानमंगरूळकर

काकूंच्या नाकाबद्दल शंका नाही. पण एक तपासून घ्या. ज्या घरात रोज विड्या वळल्या जात होत्या त्या घरातल्या शोकेसमध्ये, ट्रंकेत, चादरीत तो वास असणारच. पाइपला तो बाहेरूनही लागू शकतो. वास हा पुरावा म्हणून घेताना तेवढं जपायला हवं.

कुंभारीची_लेक

बरोबर आहे तुमचं. मग चादरीचा एक कोपरा, वाटीतला बड आणि विहिरीतला बड असे तिन्ही आईंना द्या दादा, कुठला कशाचा ते न सांगता. बाहेरचा वास असेल तर तिन्हींना सारखाच येईल.

साखरपेठी

केलं. चादर : डांबरगोळ्यांचा वास, बाकी काही नाही. वाटीतला बड : "कोळसा." विहिरीतला : पुन्हा तेच, विडीची तंबाखू.

जुनं_लाकूड

शिवाय तो ठिपका चकचकीत आहे. वास बाहेरून लागतो, रस बाहेरून लागत नाही.

साखरपेठी

आत्याशी बोललो. चाळीस मिनिटं. थोडक्यात लिहितो, सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेब १९४७ ला गेले नव्हते. आत्याचं लग्न झाल्यावर, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेले. ते गोरेही नव्हते, विणाई खात्याचे मुंबईकडचे साहेब होते. विलायतेहून आणलेले दोन पाइप त्यांच्याकडे होते, त्यातला न वापरलेला आजोबांना दिला. १९४७ कुठून आलं? आत्या म्हणाल्या, "साहेब गेले म्हटलं की लोक तेच साल धरतात."

मग मी विचारलं, आजोबांनी कधी ओढला का. फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, माळ घालायच्या आधीची गोष्ट. माळ त्यांनी पुढे आषाढीला पंढरपुरात घातली. साहेब गेले त्या रात्री जेवणं झाल्यावर आजोबा गच्चीवर गेले. आजीच्या सुपातली चिमूटभर तंबाखू घेतली होती. आत्या माहेरपणाला आलेल्या, पाणी द्यायला वर गेल्या तर पाइप हातात, विझलेला, आणि आजोबा मिलच्या चिमणीकडे बघत बसलेले. आत्याला बघून पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, "आईला सांगू नको."

आत्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शाईदौत

काठावरची करपल्याची खूण घासून काढू नका, साखरपेठी. पॉलिशवाल्याकडे तर मुळीच देऊ नका.

सराफकट्टा

पुण्याच्या गृहस्थांना काय सांगणार?

साखरपेठी

सांगितलं काल. जसं आहे तसं : १९४९ नंतरचा, टोपी निकेलची, नळी एका कुशीने उजेडाने खराब झालेली, वाटी अर्धीच, एकदा ओढलेला. चारही बड्सचे फोटो पाठवले. त्यांना आवडलं, म्हणाले दीडपट नाही पण नेहमीचा भाव नक्की देतो, असं स्पष्ट सांगणारे कमी भेटतात.

मी म्हटलं, आता द्यायचा नाही.

आईला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने ट्रंकेतली ती चादर धुऊन वाळत घातली आणि पाइप तिच्या लोखंडी कपाटात, आजीच्या विड्या कापायच्या कात्रीशेजारी ठेवला. जुनं_लाकूड, एकच विचारायचं राहिलं : कपाटात कापूर आहे, त्याने एबोनाइटला काही होईल का?

जुनं_लाकूड

कापूर आणि डांबरगोळ्या दोन्ही काढा. सुती कापडात गुंडाळा, नळी दांडीतून काढून वेगळी ठेवा, अंधारात. विहिरीतला ठिपका तसाच राहू द्या.